रुखवतातली सूर्यमाला

सूर्यमाला कशी तयार झाली हे मी कुणालाही समजावून सांगू शकतो! आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी हे छातीठोकपणे जाहीर केलं आणि व्याख्यान गळ्यात पडलं. मागच्या महिन्यात ‘गुडघेदुखी आणि आपण’ या विषयावर बोलताना खुद्द डॉक्टरांनाच डुलकी लागली होती. म्हणून ठरवलं, प्रात्यक्षिक दाखवायचं!

साहित्य घरातच होतं. सिन्नरला भाचीचं, अंजलीचं, लग्न. तिच्या रुखवतासाठी माझ्या बायकोनं, चतुरानं, बेसनाचे लाडू वळले होते. लिंबाएवढ्यापासून थेट कलिंगडाएवढ्यापर्यंत! संध्याकाळी जीप ते न्यायला येणार होती. चतुरा बांगड्या भरायला गेली आणि मी परात उचलली. ती परत यायच्या आत ग्रह पुन्हा घरी, जागच्या जागी!

संघात टेबलावर परात मांडली. मधोमध सूर्य, भोवती बाकीचे, शनीला कडबोळ्याचं कडं.

“आधी नुसता वायूचा आणि धुळीचा ढग होता,” मी सुरुवात केली. “तो गरगर फिरत आकसला. मध्ये सूर्य झाला. उरलेल्या धुळीची तबकडी फिरत राहिली. कणाला कण चिकटला, गोळ्यावर गोळा आदळला...”

“तुपाशिवाय?” भागीबाईंनी विचारलं.

तेवढ्यात अध्यक्ष कारभारी उठले. “अण्णा, आडवळणं कशाला घेता? वाढदिवस आहे असं सरळ सांगा की!”

आमच्या संघात गोड आणतो त्याचा वाढदिवस, हा अलिखित कायदा!

“अहो, वाढदिवस नाही! हे ग्रह आहेत!”

“ग्रहशांत केलीत? मग तर प्रसाद!”

“मला शुगर आहे, छोटासाच घेते,” म्हणत भागीबाईंनी बुध तोंडात टाकला. कारभारींनी गुरू फोडून वाटला. मी पृथ्वी छातीशी धरली, तर कुणीतरी चंद्र पळवला! संघातल्याच चंदरनं कपाटातली मेणबत्ती आणून कलिंगडाएवढ्या लाडवात खोचली आणि काडी ओढली. सूर्य पेटला!

“फुंका, अण्णा!”

साऱ्या संघाच्या टाळ्यांमध्ये मी सूर्य विझवला. चंदरनं फोटो काढून ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर चतुराही आहे, हे मला आठवेपर्यंत फोन वाजला.

“अहो, वाढदिवस होय तुमचा? मग तो लाडू मला ओळखीचा का वाटतोय?”

रिकामी परात आणि चेपलेली पृथ्वी घेऊन घरी पोचलो. चतुरा दारातच उभी होती. हिरव्यागार बांगड्यांचे हात कमरेवर!

“अगं, विज्ञानासाठी...”

“भाजा,” ती म्हणाली आणि कालथा हातात दिला.

खाली जीपवाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. कढईत बेसन कच्चं आणि माझा खांदा पक्का भाजलेला. मी गुपचूप गॅसच्या बटणाकडे हात नेला.

“गॅस बारीकच राहू द्या!”

ग्रह तयार व्हायला कोट्यवधी वर्षं का लागली, हे शास्त्रज्ञ काय सांगायचं ते सांगोत. माझी खात्री आहे, तिथेही मागे कुणीतरी उभं असणार!