तेरास तेरा

अर्नॉल्ड कॅटलोच्या मुलीला, मॉरीनला, जुळं झालं ते एक्क्याऐंशी साल. सप्टेंबरात पोरं झाली आणि ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी तिचा निरोप आला, की नवऱ्याला रात्रपाळी आहे, तुम्ही दोघंही संध्याकाळी या, दोन पोरं मला एकटीला आवरत नाहीत.

निरोप साधा होता, पण पहिला गुरुवार म्हणजे क्लेगडेनच्या मजूर पक्षाच्या शाखेची सभा. अर्नॉल्ड एकोणीस वर्षं शाखेचा सेक्रेटरी होता आणि उजव्या गटाचा होता. त्याची बायको विनी डाव्या गटाची. शाखेत अध्यक्ष सोडून सव्वीस माणसं. तेरा इकडे, तेरा तिकडे. कुठल्याही ठरावाला तेरा हात बाजूने, तेरा विरुद्ध. मग अध्यक्ष हर्बर्ट एन्टविसल चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "आहे तसंच राहू द्या." एक माणूस कमी आला तरी पारडं फिरणार, म्हणून कुणी चुकत नसे. अर्नॉल्डने तर दाढ काढली त्या दिवशी तोंडात कापूस धरून मागच्या सभेचा वृत्तांत वाचला होता.

"तू जा," अर्नॉल्ड म्हणाला. "पोरांना आजी लागते."

"वा रे! मी तिकडे लंगोट बदलणार आणि तुम्ही इकडे आमचा बसभाड्याचा ठराव पाडणार. तूच जा."

"सेक्रेटरी गेला तर सभा कशी चालेल?"

"तुझ्याविना बरीच चालेल." विनी जरा थांबली. "बरं, पार्लमेंटात करतात तसं करू. त्यांचा एक घरी बसला की यांचाही एक बसतो. जोडी लावायची. तू नाही, मी नाही. बारास बारा. हर्बर्ट चष्मा पुसेल."

अर्नॉल्डने कुठे खोट सापडते का पाहिली. सापडली नाही. दोघं गेले, पोरं खेळवली, आणि इकडे बारास बारा होऊन आहे तसंच राहिलं.

विनीने ही गोष्ट फक्त आयव्ही डकवर्थला सांगितली, कुणाला सांगू नकोस म्हणून. आयव्ही ही डाव्या गटाची पुढारी. तिचा आणि उजव्यांच्या स्टॅन ब्लीसडेलचा अणुबाँबच्या ठरावावरून साठ सालापासून अबोला. पण नोव्हेंबरात आयव्हीला बहिणीकडे जायचं होतं, आणि स्टॅनची कबुतरं आजारी होती. तिने त्याच्या दारात जाऊन एकवीस वर्षांनी पहिलं वाक्य टाकलं: "जोडी लावतोस का?"

"तू गुपचूप सभेला जाणार नाहीस कशावरून?"

"तू जाणार नाहीस कशावरून?"

कुणाचाच कुणावर भरवसा नाही. म्हणून दोघांनी ठरवलं, की सभेच्या वेळी एकमेकांच्या डोळ्यांसमोर बसायचं. बहिणीकडे जाणं राहिलं. आयव्ही कबुतरांच्या खुराड्यात बादली उपडी करून बसली, आणि आठ वाजेतो एका कबुतराला ड्रॉपरने औषधही पाजलं.

ही युक्ती आपल्यालाच सुचली असं प्रत्येकाला वाटलं आणि प्रत्येकाने ती अगदी एकालाच सांगितली. डिसेंबरात सभेला चौदा माणसं आली, जानेवारीत आठ. अर्नॉल्डने वहीत लिहिलं, "बर्फामुळे."

मग विभागीय कचेरीचं पत्र आलं. मे महिन्यात नगरपालिकेची निवडणूक आहे. चार फेब्रुवारीला, गुरुवारी, तुमच्या वॉर्डाचा उमेदवार ठरवा. आमचे अधिकारी श्री. टॅटरसॉल हजर राहतील. आठ वाजेपर्यंत निदान सात मतदार जमले नाहीत, तर उमेदवार आम्ही देऊ. त्यांचा उमेदवार कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं. लंडनचा एक गृहस्थ, जो क्लेगडेनला जन्मात एकदाच आला होता, तोही चुकीच्या गाडीत बसून. त्याला उभा केला की वॉर्ड हुजूर पक्षाच्या घशात गेलाच म्हणून समजा. एकोणीस वर्षं अर्नॉल्डने तो वॉर्ड दारोदार फिरून राखला होता.

शाखेतून दोन नावं आली. डाव्यांकडून आयव्ही, उजव्यांकडून स्टॅन.

त्या गुरुवारी विनीला खोकला झाला होता आणि सभेच्या हॉलचा बॉयलर बंद होता. "तू गेलास तर मी खोकत खोकत येईन," ती म्हणाली. अर्नॉल्डला दया आली. दोघं नाहीत तरी चोवीस आहेतच की. त्याने वही हर्बर्टकडे पाठवली आणि विनीला घेऊन गरम खिमा-पॅटिस आणि वाटाणे खायला विणकर क्लबात गेला. सव्वासात झाले होते.

दारातल्याच टेबलावर स्टॅन आणि आयव्ही डॉमिनो खेळत होते.

"अरे, तुम्ही उमेदवार ना?"

"आम्ही जोडी लावलीय," स्टॅन म्हणाला. "चाल कर गं. किती वेळ लावतेस!"

अर्नॉल्डने पलीकडच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे एक डावा, एक उजवा. त्याच्या पलीकडे तसंच. खिडकीपाशी तसंच. गावात बसायला तेवढीच एक जागा गरम होती. अर्नॉल्डने बोटांवर माणसं मोजली. विनी आणि तो धरून सव्वीसच्या सव्वीस माणसं क्लबात होती.

"उठा!" तो ओरडला. "हॉलवर हर्बर्ट एकटा आहे! लंडनवाला येईल डोक्यावर!"

"आयव्ही उठली की मी उठतो," स्टॅन म्हणाला.

"मी का आधी? मी उठते आणि तू बसून राहतोस, मग जोडी मोडली कुणी? मी!"

प्रत्येक टेबलावर हेच. पंचवीस माणसं खुर्च्यांच्या कडेवर आली, पण एकानेही बूड उचललं नाही.

"विने, तू तरी!"

"आधी तू."

"मी उभाच आहे!"

"मग आधी तू बस," विनी म्हणाली, "म्हणजे बरोबर उठू."

अर्नॉल्डने कपाळाला हात लावला आणि टेकडीवरच्या हॉलकडे धूम ठोकली. तिथे हर्बर्ट मफलर गुंडाळून रिकाम्या खुर्च्यांपुढे बसले होते, शेजारी टॅटरसॉल घड्याळ बघत होते. "सभा खाली आहे," अर्नॉल्ड धापा टाकत म्हणाला, आणि दोघांना दंडाला धरून घेऊन आला. आठला पाच कमी होते.

टॅटरसॉल दारात थबकले. एक डावा, एक उजवा, गुडघ्याला गुडघा लावून. कुणी जोडीदाराच्या ताटातले वाटाणे खात होतं. "सगळ्या विभागात अशी एकी मी पाहिली नाही," ते म्हणाले. "दर शाखेत मधोमध वाट सोडून बसतात लोक."

हर्बर्टनी टेबलावर चमचा आपटला. "आयव्ही डकवर्थच्या बाजूने कोण?"

आता ज्याच्याबरोबर जोडी लावून पॅटिस खाल्ले त्याच्या नाकासमोर त्याच्या माणसाविरुद्ध हात कसा वर करायचा? अर्नॉल्डने विनीचा खोकला ऐकला आणि आयव्हीसाठी हात वर केला. स्टॅनचाही गेला. उजव्या गटाचे तेराही हात वर.

"स्टॅन ब्लीसडेल?"

विनीचा हात वर. आयव्हीचाही. डाव्या गटाचे तेरा.

"तेरास तेरा," अर्नॉल्डने मोजलं.

हर्बर्टनी चष्मा काढला, पुसला आणि परत पुसला. "तीस वर्षं मी कुठल्या बाजूचा ते कुणाला कळू दिलं नाही," ते म्हणाले. "आज माझं मलाच कळेना. आणि आज आहे तसं राहू द्या म्हणण्याचीही सोय नाही. स्टॅन, तुला पाहिजे का रे नगरपालिका?"

"खरं सांगू? माझी कबुतरं आहेत, साहेब."

"आयव्ही, तुला?"

"पाहिजे. उभं आयुष्य पाहिजे होतं."

"मग एवढी वर्षं भांडलात कशाला?"

हर्बर्टनी आपलं मत आयव्हीला दिलं. टॅटरसॉलनी नाव लिहून घेतलं, तेव्हा आठला एक मिनिट कमी होतं.

मे महिन्यात आयव्ही एकशे चार मतांनी निवडून आली. अध्यक्ष हर्बर्ट एन्टविसल सहा जानेवारी त्र्याऐंशीला, महिन्याच्या पहिल्याच गुरुवारी दुपारी, सभेच्या काही तास आधी, न्यूमोनियाने वारले.