शेपटाची लांबी भरणे अनिवार्य

एका जंगलात एक खेकडा होता आणि त्याला मोजायची खोड होती. बसा नीट, मांडी घालून. मागे कुजबुज नको.

खेकड्याचं नाव दामूअण्णा. जंगलाच्या चढावर एक तळं होतं आणि उतारावर एक डबकं. दोन्हीकडचं पाणी अण्णा रोज मोजायचे आणि वाटेवरच्या मोठ्या खडकावर नांगीने ओरखडा काढायचे. तळ्याचा डावीकडे, डबक्याचा उजवीकडे. अशी चौदा वर्षं झाली. ना सुट्टी, ना सणवार.

बेडकिणी येता-जाता खडकाकडे बघायच्या. "यंदा तळं बरं दिसतंय गं," म्हणायच्या आणि अंडी कुठे घालायची ते ठरवायच्या. त्यासाठी शिकायला लागत नव्हतं. डोळे असले की झालं.

एकदा वाघोबा महाराज परक्या जंगलांचा दौरा करून आले. त्यांनी खडक बघितला आणि कपाळावर पंजा मारून घेतला.

"एवढं थोर संशोधन असं उघड्यावर पडलंय? ते जनतेपर्यंत पोचलं पाहिजे! ऑनलाइन!"

"महाराज, जनता रोज इथूनच जाते," अण्णा म्हणाले.

"नुसती जाते. लॉगिन कुठे करते?"

जंगलात संगणक कुठून आला म्हणून विचारू नका. वाघ बोलला तेव्हा नाही विचारलंत.

काम हुप्पेसाहेबांकडे गेलं. हुप्पेसाहेब म्हणजे वानर. हुशार गडी, शेपूट चार हात. त्यांनी 'अरण्यज्ञान' नावाचं पोर्टल बांधलं आणि जांभळाखाली एक पडदा बसवला. अण्णांना 'वरिष्ठ जलमापक' असा बिल्ला दिला आणि एका कागदावर सही घेतली, की यापुढे मोजमाप पोर्टलवरच, तोंडी कुणाला काही सांगायचं नाही. अण्णांनी बिल्ला बघितला, कागद बघितला नाही. सही ठोकली.

मग पोर्टलची जाहिरात करायला मोक्याची जागा हवी होती. तो वाटेवरचा खडक फार मोक्याचा होता. त्यावर पिवळा रंग फासून हुप्पेसाहेबांनी झोकात लिहून घेतलं: 'आता सर्व माहिती एका टिचकीवर!' ओरखडे रंगाखाली गेले.

आता गोदाक्काची गोष्ट. गोदाक्का बेडकीण होती आणि तिचे दिवस भरले होते. पोटात बाराशे अंडी. तळ्यात घालावीत की डबक्यात, एवढंच तिला हवं होतं. चुकीच्या जागी पडली आणि पाणी आटलं, तर पोरं कोरड्यात जातील. ती खडकाशी आली, तर खडक पिवळाधमक.

"अगं बाई! बरं, टिचकी तर टिचकी."

ती जांभळाखाली गेली. पडद्याने नाव विचारलं, तिने भरलं. जात विचारली, भरली. पायाचा ठसा दिला. मग आलं: 'शेपटाची लांबी, बोटांमध्ये. भरणे अनिवार्य.'

गोदाक्काने मागे वळून बघितलं. काहीच नव्हतं. तिने शून्य भरलं. पडदा म्हणाला, 'कृपया शून्यापेक्षा मोठा आकडा भरा.' तिने लाजत दोन भरलं. पडदा म्हणाला, 'शेपटाचा फोटो जोडा.'

ती तडक हुप्पेसाहेबांकडे गेली.

"साहेब, मला शेपूटच नाही."

"नाही म्हणजे? अपघात वगैरे झाला का?"

"आमच्यात कुणालाच नसतं. लहानपणी असतं, मग गळतं."

साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे होतं! मग काय अडचण आहे? शेपूट गळाल्याचा दाखला आणा."

"तो कोण देतं?"

"पोर्टलवर मिळतो. लॉगिन केलं की लगेच."

गोदाक्का पोट सावरत अण्णांच्या बिळाशी गेली. "अण्णा, माझ्याच्याने आता थांबवत नाही. एक शब्द सांगा. तळं की डबकं?"

अण्णा सगळं जाणून होते. डोंगरावरची झाडं तुटल्यापासून तळं पाणी धरेना. उघडीप पडली की बावीस दिवसांत खडखडाट.

"पोर्टलवर सगळं दिलंय हो मी," ते पुटपुटले. "तपशीलवार."

"तुम्ही बघितलंय का ते?"

"मला कुठे शेपूट आहे?" अण्णा म्हणाले, आणि लाज वाटून बिळात आत सरकले. त्यांना खरंच लाज वाटली. पण बिल्ला काही त्यांनी काढला नाही.

गोदाक्काने तिची आई अंडी घालत आली होती तिथेच, तळ्यात घातली. दुसऱ्याच दिवशी उघडीप पडली.

चार दिवसांत पिल्लं वळवळू लागली. बेडकाच्या पोरांना पाय फुटून शेपूट गळायला दीड महिना लागतो. तोवर पाणी हवंच. पाणी रोज एक बोट उतरत होतं. एकविसाव्या दिवशी पोरांच्या पाठी उघड्या पडल्या, तेव्हा गोदाक्काच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. शेपूट! पोरांना आहे की!

तिने ठकी नावाची पोर पळसाच्या द्रोणात घेतली, पाण्यासकट, आणि उड्या मारत जांभळाखाली आणली. नाव ठकीचं भरलं, पायाचा ठसा आपलाच दिला. शेपटाची लांबी, अर्धं बोट. फोटो जोडला. पडद्यावर फुलं उधळली गेली. 'अभिनंदन! ज्ञान आता तुमचं!'

अहवाल दोनशे बारा पानांचा होता. पहिली ऐंशी पानं महाराजांचे फोटो. दोनशे अकराव्या पानावर लिहिलं होतं: 'तळं उघडिपीच्या बाविसाव्या दिवशी आटेल. बेडकांनी अंडी डबक्यात घालावीत.' खाली एक प्रश्न होता: 'ही माहिती उपयुक्त वाटली का?'

गोदाक्का जी ओरडली, ती अण्णांच्या बिळात ऐकू गेली. अण्णा बाहेर आले. त्यांनी बिल्ला फेकला, नांगीत द्रोण धरला आणि दोघं दिवसभर तळ्यापासून डबक्यापर्यंत पोरं वाहत राहिली. खेकडा तिरका चालतो, अर्धं पाणी सांडतं. तरी चारशे पोचली. आठशे चिखलात राहिली.

हसू नका इथे. पुढे हसा.

वर्षअखेरीला हुप्पेसाहेबांनी आकडे काढले. पोर्टलचा लाभ घेणारे: एक. वय: सतरा दिवस. महाराज खूश झाले. "सतरा दिवसांची वाचक! सत्कार करा!"

ठकी मंचावर उडी मारून आली. चार पाय, गुटगुटीत, शेपूट गायब. साहेबांनी फोटोशी ताडून बघितलं आणि मान हलवली. "आमच्या लाभार्थीला शेपूट आहे. ही कुणी दुसरीच." शाल मग शेजारून जाणाऱ्या पालीला घातली.

गोदाक्का तिथे थांबलीच नाही. ती खडकाशी गेली, तर अण्णा पिवळा रंग खरवडून नवा ओरखडा काढत होते आणि पलीकडे एक शिपाई सरकारी जाहिरात खराब केल्याची नोटीस चिकटवत होता. त्यालाही ऐटदार शेपूट होतं.

तात्पर्य: मुलांनो, माहिती कधीच उशिरा मिळत नाही, तळीच घाईने आटतात. म्हणून लहानपणीचं शेपूट जपून ठेवावं. पुढे कागदपत्रांना लागतं.