ब्रीडाबाईंच्या फोनची सरकारी पाहणी

“आता मी सांगतो ते तुमच्यापैकी एकालाही खरं वाटणार नाही,” मोरेश्वरकाका म्हणाले, “आणि ज्याला वाटेल त्याच्या अकलेची मला काळजी वाटेल.”

काका-काकू पुण्याला परतायला चार दिवस राहिले होते. सँट्री या आयरिश उपनगरातल्या त्यांच्या मुलाच्या, अनिमेषच्या घरी निरोपाची पंगत उठली होती. माणसं जमिनीवर, सोफ्यावर, जिन्याच्या पायऱ्यांवर जिथे जागा मिळेल तिथे पसरली होती. शेजारच्या ब्रीडाबाई नोलन सोफ्याच्या कोपऱ्यात श्रीखंडाची वाटी घेऊन बसल्या होत्या आणि काकांची दहा वर्षांची नात श्रावणी त्यांना टेकली होती. ब्रीडाबाईंना मराठीतलं ‘बस’ आणि ‘खा’ एवढंच कळतं, या भरवशावर काका निर्धास्त होते.

गोष्ट त्याच वर्षीच्या, म्हणजे २०१८ च्या जूनमधली. काका नुकतेच आले होते. पुण्याच्या टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस. सकाळी कुंपणाशी उभं राहून खांबावरच्या तारा मोजल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. अशाच एका सकाळी कुंपणापलीकडून ब्रीडाबाई म्हणाल्या, “मॉरिस, मी फोन काढून टाकतेय.”

मोरेश्वर हे नाव त्यांच्या जिभेवर पहिल्याच दिवशी मॉरिस होऊन बसलं होतं.

“काढून? घरातला?”

“बिल झेपत नाही रे. पण मग मॉरीनचं काय करू?”

मॉरीन ही त्यांची थोरली बहीण, लिमरिकला, त्र्याऐंशी वर्षांची, अंथरुणाला खिळलेली. रोज संध्याकाळी सहाला दोघींचा फोन. तिला मोबाइल हाताळता येत नाही आणि ब्रीडाबाईंना मोबाइलमधून बहीण बहिणीसारखी वाटत नाही. तो फोन गेला, तर मॉरीनच्या दिवसाला संध्याकाळच उरणार नव्हती.

“सरकारनं म्हातारपणच्या पेन्शनवाल्यांना फोनसाठी मदत सुरू केलीय म्हणे,” ब्रीडाबाई म्हणाल्या. “आठवड्याला अडीच युरो. तेवढ्यात माझं भागेल. पण त्याला एक अट—”

“अटी आम्ही बघून घेऊ!” काका गरजले. सरकार आणि फोन हे दोन शब्द एका वाक्यात ऐकल्यावर तिसरा शब्द त्यांच्या कानात शिरणं शक्यच नव्हतं.

काका घरात येऊन टेबलाशी बसले. “लीला, फोनचा अर्ज कसा चालतो माहितीये? पायांनी. अर्जदारामागे जेवढे पाय उभे, तेवढी फाइल पळते. एकट्या म्हातारीचा अर्ज म्हणजे नऊ वर्षं. आमच्या खात्यात मी स्वतः दाबून ठेवलेत तसे अर्ज.”

“मोठी फुशारकी आहे,” लीलावतीकाकू म्हणाल्या.

“बाबा, इथे तसं नसतं,” अनिमेष लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला.

“सरकार इथूनतिथून एकच असतं!”

दोन दिवसांत अर्ज तयार झाला. सात पानं, चार जोडपत्रं आणि सँट्रीतल्या बेचाळीस मराठी माणसांच्या सह्या. सह्यांच्या वर काकांच्या वळणदार अक्षरात मजकूर: ‘आम्ही खाली सही करणारे अर्जदार बाईंच्या घरी सदैव ये-जा करतो, त्यांच्याकडे जेवतो आणि त्यांना क्षणभरही एकटं सोडत नाही.’

अर्ज काकांनी स्वतः टपालपेटीत टाकला आणि पाहणीला साहेब कधी येतो याची वाट पाहत खिडकीत ठाण मांडलं. तिसऱ्या शनिवारी तो आला. गळ्यात ओळखपत्र, हातात यंत्र, एकेका दारावर थांबत थांबत गल्लीच्या टोकाकडून पुढे सरकणारा.

“लीला, आला! थालीपिठं घे! जमेल तेवढी माणसं घे!”

माणसं तयारच होती. अनिमेषकडे मेनूथच्या विद्यापीठातले पाच विद्यार्थी शनिवारचं जेवायला आले होते. समोरच्या घरातून रविकांतराव आले. तेही मुलीकडे आलेले, नागपूरचे आणि कुठेही जायला एका पायावर तयार. शिवाय अनिमेष, सून केतकी, श्रावणी, काका, काकू. पाच मिनिटांत ब्रीडाबाईंच्या इवल्याशा स्वयंपाकघरात अकरा माणसं उभी राहिली आणि दाराबाहेर अकरा जोड. काय बिशाद कुणाची घरात चप्पल घालून शिरायची!

“हे काय चाललंय?” ब्रीडाबाई हातातला कप तसाच धरून म्हणाल्या.

“पाहणी! साहेबाला दिसलं पाहिजे की तुमच्यामागे माणसं आहेत.”

ब्रीडाबाई खुर्चीत बसल्या. “मॉरिस,” त्या हळूच म्हणाल्या, “तीच तर अट आहे. ही मदत एकटं राहणाऱ्यालाच मिळते.”



“म्हणजे ज्याला कुणी नाही, त्यालाच फोन?” काकांनी डोक्याला हात लावला. “आणि मी बेचाळीस सह्या—”

“बाबा!” केतकी ओरडली. “अहो, त्यांना एकट्या राहण्याचे म्हणून जे पैसे मिळतात तेही बंद होतील!”

“मग बघता काय? लपा!”

विद्यार्थी मागच्या दारानं कुंपणावरून उड्या टाकून पसार झाले, मोजे घालूनच. अनिमेष, केतकी आणि श्रावणी त्यांच्यामागोमाग गेले. काकू न्हाणीघरात गेल्या, त्याही “तुमच्याशी लग्न केलं तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं” असं बजावून. राहिले रविकांतराव. देह असा, की कुंपण त्यांना झेपलं नसतं. काकांनी त्यांना जिन्याखालच्या कपाटात ढकललं. तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात. त्यात झाडूही धड मावत नव्हता.

“अरे बाप्पा, मले काऊन कोंबता इथं? मी काय पापड हाये का?”

“श्वास घेऊ नका!”

घंटी वाजली. काकांनी दार उघडलं. साहेबानं आधी काकांकडे पाहिलं, मग पायाशी. अकरा जोड तसेच पसरलेले. त्यात अकरा नंबरचे बूट, गुलाबी चपला, श्रावणीचे दिवे लागणारे सँडल आणि रविकांतरावांच्या कोल्हापुरी.

“हे सगळे बाईंचेच,” काका म्हणाले. “हौस आहे त्यांना.”

साहेब म्हणाला, “मला जिन्याखालचं प्रेस बघायचंय.”

आल्या आल्या, थेट प्रेस! चुगली कुणी केली? काकांनी साहेबाला बसा म्हटलं, चहा विचारला, हवामानाबद्दल विचारलं, साहेबाच्या आईची तब्येतही विचारली. तो म्हणाला, “ग्रँड, ग्रँड,” म्हणजे सगळं छान, “पण प्रेस.” आणि त्यानं स्वतःच कडी काढली.

आत अंधारात रविकांतराव व्हॅक्यूम क्लीनरला मिठी मारून थालीपीठ खात होते.

“हॅलो,” ते म्हणाले. “नाइस वेदर.”

साहेब दोन पावलं मागे सरला. तेवढ्यात न्हाणीघराचं दार उघडून काकूही बाहेर आल्या. “पुरे झालं! मी काही उभा जन्म टबात काढणार नाही.”

बाजी हरली होती. ब्रीडाबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या आणि फोनवर हात ठेवून उभ्या होत्या. तेव्हा काका, आपल्या बत्तीस वर्षांच्या नोकरीला स्मरून, साहेबासमोर ताठ उभे राहिले.

“साहेब,” ते म्हणाले, “दारात अकरा जोड आहेत, नाकबूल नाही. पण दिवस कलला की हे सगळे जोड आपापल्या घरी जातात. मग या घरात एक बाई उरते आणि एक फोन. आता काय लिहायचं ते लिहा.”

इथे काका थांबले. केतकी काहीतरी बोलायला गेली तर अनिमेषनं तिच्या हातावर हात ठेवला.

“साहेबाच्या डोळ्यांत पाणी!” काका हात उंचावून म्हणाले. “त्यानं तिथल्या तिथे बूट काढले. बारावा जोड! चार थालीपिठं खाल्ली, यंत्रावर टकाटका बटणं दाबली आणि म्हणाला, मंजूर! गेल्याच आठवड्यात पैसे सुरू झाले. मॉरीनचा फोन चालू आहे तो या मोरेश्वराच्या चार वाक्यांवर!”

टाळ्या पडल्या. रविकांतराव “एकदम खरं हाये, मी प्रेसमधी होतो ना” अशी साक्ष देत होते. श्रावणी मात्र ब्रीडाबाईंच्या कानाशी लागली होती. इतका वेळ ती एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होती, हे टाळ्यांच्या भरात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. शेवटचं वाक्य ऐकून ब्रीडाबाईंनी श्रीखंडाची वाटी खाली ठेवली.

“मॉरिस, लबाडा!” त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या. “तो विजेचा मीटर वाचायला आला होता! मीटर प्रेसमध्ये आहे, हे त्यानं तुला तीनदा सांगितलं. आणि फोनचे पैसे माझ्या पेन्शनबरोबर आपोआपच आले, त्याला अर्ज लागतच नाही!”