इंगळे काकांच्या लंगड्या गाड्या

आमच्या शेजारचे इंगळे काका कोणतीही उभी वस्तू दिसली की तिच्यापुढे उकिडवे बसतात, एक डोळा मिटतात आणि तिचे पाय तपासतात. टेबल असो, पलंग असो, कूलरचा स्टँड असो. माझ्या मेहुण्याच्या लग्नात नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीपुढे ते असेच बसले. वाजंत्री थांबली, वऱ्हाड थबकलं. काकांनी शांतपणे निकाल दिला, "डाव्या चाकात हवा कमी हाये. नवरदेव कलता जाईन." हवा खरंच कमी होती म्हणून बरं, नाहीतर वरमाय त्यांच्यावर धावूनच गेली असती.

ही सवय नोकरीतली. काकांची उभी हयात गुरांच्या दवाखान्यात गेली. उंद्री, दुसरबीड, शेवटी आमचं चिखली. बैल आला की आधी तो उभा कसा राहतो ते बघायचं, तोंडाकडे नंतर. आता निवृत्तीत ते सुटे भाग जोडून प्लॅस्टिकच्या वीतभर मोटारी तयार करतात. काकू वारल्या, मी इथे राहायला येण्याआधीच. बाप एकटा दिवसभर करील काय, या काळजीनं पुण्याच्या मुलीनं, प्रज्ञानं, पहिला खोका पाठवला. आता खोके सोफ्यावर आणि पाहुणे खाली चटईवर, अशी घराची तऱ्हा आहे.

मला वाटायचं, भाग जोडायचे, चिकटवायचे, झालं. पण कसचं काय! खोक्यातली गाडी पहिल्या झटक्यात कधी नीट उभी राहतच नाही. तीन चाकं टेकतात, चौथं अधांतरी. काका म्हणतात, "लंगडून राह्यली." मग उपचार सुरू. गाडी काचेच्या तुकड्यावर ठेवायची आणि एकेका चाकाखाली वर्तमानपत्राची पट्टी सरकवायची. पट्टी आरपार गेली तो पाय आजारी. खालचा सांगाडा पिळवटला असेल तर गरम पाण्यात शेकून काचेवर दाबून धरायचा. वरचं अंग खाली बसत नसेल तर आतल्या सीटांचा तळ घासायचा. आणि हे सगळं गोंद लावण्याआधी. मी एकदा घाई केली तर म्हणाले, "गोंद लावला म्हंजे लगन लागलं बे. मंग कुरकुरून काय फायदा? आधी सुकं जोडून पाह्य."

मागच्या हिवाळ्यात प्रज्ञानं जुन्या घडणीची एक मोटार पाठवली. काकांनी तिला पांढरा रंग दिला. प्रज्ञा मे महिन्यात येणार होती आणि त्याआधी ही गाडी बसलीच पाहिजे, असा काकांनी ध्यासच घेतला. मला तर ती फेब्रुवारीतच झकास बसलेली दिसत होती. पट्टी एकाही चाकाखालून जात नव्हती. तरी काका मान हलवायचे. "पाय टेकले, पन अंग नाई बसलं." पुन्हा चाकं काढायची, पुन्हा कानस घ्यायची. त्यात जेवणसुद्धा विसरायचे.

"काका, नेमकं बिघडलंय काय?"

"तुले नाई समजनार."

यानं माझी उत्सुकता आणखी वाढली. रोज संध्याकाळी बँकेतून आलो की माझ्या चपला त्यांच्याच दारात.

एप्रिलमध्ये एकदा काका फार खुशीत दिसले. गाडी काचेवर होती. मी उकिडवा बसलो, एक डोळा मिटला आणि पाहतो तर काय, गाडी मागच्या बाजूनं डावीकडे चांगली झुकलेली!

"काका, लंगडते!"

"काऊन लंगडंन? पट्टी घालून पाह्य."

घातली. चारही पाय ठाम होते, फक्त अंग कललेलं. इतके महिने घासून माणसानं चांगली गाडी वाकडी केली? मी कानसेकडे हात नेला तर हातावर चापट बसली. "हात नोको लावू. गोंद लावला." काकांचं आता वय झालं, असं मनाशी म्हणालो आणि मला फार वाईट वाटलं.

प्रज्ञा आली त्या दिवशी मी तिथेच होतो. तिनं बॅग खाली ठेवली आणि थेट टीव्हीशेजारच्या गाडीकडे गेली. काका पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, पण पाणी द्यायचं त्यांना सुचत नव्हतं. ती बापासारखीच उकिडवी बसली. तिनं एक डोळा मिटला. मग हळूच म्हणाली, "मांगं आई बसली ना, बाबा?"

मग तिनंच मला सांगितलं. काकांची अशीच एक जुनी पांढरी मोटार होती. काकू अंगानं भक्कम. पुढे बसल्या की त्या नसलेला ब्रेक दाबत, म्हणून काकांनी त्यांना कायमचं मागं डावीकडे बसवलं. त्या बसल्या की गाडी त्या बाजूनं खाली जायची आणि गल्लीतली पोरं हसायची. काकू गेल्यावर गाडी सरळ चालायला लागली. काकांना ते पाहवेना, त्यांनी ती विकून टाकली. सांगताना प्रज्ञा हसत होती आणि डोळेही पुसत होती.

"बरोबर बसली का?" काकांनी विचारलं.

प्रज्ञानं पुन्हा एक डोळा मिटला. "अजून थोडी खाली पाह्यजे होती, बाबा."

"हाव," काका म्हणाले, "पन तेवढी केली असती त तुह्या मायले राग आला असता."