मेश्राम काकांची हरकत

दिल्लीतल्या मयूर विहारच्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी पुस्तकाची पीडीएफ टाकली, की दोन मिनिटांत खाली मेश्राम काकांची ओळ येते: 'प्रताधिकारधारकाची परवानगी घेतली आहे काय?' तासाभरानं काका लिहितात, 'उत्तराची प्रतीक्षा आहे.' मग विषय बदलायला कोणीतरी सुप्रभातचं फूल पाठवतं. काका विचारतात, 'फोटो कोणी काढला?'

मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि दुर्दैवानं ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे. बाकीचे म्हणतात, "काकांना काढ ना यार." काका म्हणतात, "बाकीच्यांना काढ." मी कोणालाच काढत नाही. आता तेवढीही ताकद उरलेली नाही.

काका मूळचे भंडाऱ्याचे. केंद्र सरकारच्या नोकरीतली शेवटची वर्षं प्रताधिकाराच्या, म्हणजे कॉपीराइटच्या, फायलींत गेली. नोकरी संपली, फायली डोक्यात राहिल्या. मंडळाच्या स्नेहसंमेलनात कोणीतरी नेटवरून उतरवलेला सिनेमा लावला, तेव्हा काका उठून थेट पडद्यासमोर उभे राहिले. नायिका त्यांच्या बुशशर्टवर रडत होती. "देखो, मी अडवत नाही," ते म्हणाले. "मी फक्त उभा आहे." वीस मिनिटं उभे होते. शेवटी लोक कंटाळून जेवायला गेले.

एकदा मी वैतागून म्हणालो, "काका, दिल्लीत मराठी पुस्तकं मिळतात कुठं? पोरांना वाचायला द्यायचं काय?"

"बिल्कुल खरं आहे," ते म्हणाले आणि माझ्या सोफ्यावर बसले. "पण लिहिणाऱ्याला निदान विचारावं तरी. कोणी विचारतच नाही रे."

गेल्या महिन्यात अशीच एक पीडीएफ आली. लेखिका: वत्सला मेश्राम. काकांची बायको. इथल्याच रिजच्या टेकडीवरच्या सरकारी हॉस्पिटलात नर्स होत्या. वॉर्डात भेटलेल्या बायकांवर त्यांनी एकच कथासंग्रह लिहिला. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. पाठवणारी बाई मंडळात नवीन, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी काकांच्या ओळीची वाट पाहिली. संध्याकाळपर्यंत आली नाही, तेव्हा त्यांची बेल वाजवली.

काका डायनिंग टेबलाशी फोन धरून बसले होते.

"फाइल काढून टाकू ना, काका?"

"थांब जरा." त्यांनी शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली. "मागं कपाटाला वाळवी लागली, त्यात तिच्या सगळ्या प्रती गेल्या. एकसुद्धा वाचली नाही. मुलीलाही सांगितलं नाही मी. काय तोंडानं सांगणार?"

त्यांनी फोन माझ्यापुढं केला. कोणाच्या तरी जुन्या प्रतीचे फोटो होते, पानं पिवळी, थोडी तिरकी. एका कथेच्या शेवटी समासात पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं.

"हे मोठं करून दे. मला अक्षर लागत नाही."

मी बोटांनी पान मोठं केलं आणि वाचून दाखवलं: 'आईला वाचून दाखवली. दोघी रडलो.'

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वत्सला शेवटपर्यंत म्हणायची," ते म्हणाले, "आपलं पुस्तक कोणी उघडलंसुद्धा नसेल."