डोंगरवाटेचा पृष्ठभाग आणि मेहुण्याचा पाय

जमीन कुणाचंही मत न विचारता तयार झाली आणि तिच्यातले बहुतेक दोष त्यामुळेच राहून गेले, हे आता कुणी अमान्य करत नाही. आमच्या टेकडीवरची सायकलवाट मात्र या बाबतीत भाग्यवान आहे. माथ्यावरच्या पाण्याच्या टाकीपासून खालच्या फाटकापर्यंत ती नागमोडी उतरते, आणि तिचा वीतभर तुकडाही चर्चेविना राहिलेला नाही. डोंगरउतारावर सायकल चालवणाऱ्यांच्या वाट-देखभाल समितीचा मी चिटणीस आहे. हे सांगताना माझी छाती फुगते, ती उगाच नाही.

वाटेचा पृष्ठभाग कसा असावा, याबद्दल समितीने सभासदांची मतं मागवली होती. प्रतिसाद उदंड मिळाला. वाट गुळगुळीत असावी पण तशी दिसू नये, असं पुष्कळांचं म्हणणं पडलं. माती एरवी घट्ट असावी, मात्र कुणी पडल्यास तेवढ्यापुरती मऊ व्हावी, अशी एका गटाची मागणी होती. दगड हवेतच, पण ते कुठे आहेत हे आधी कळवावं, असं साहसी सभासदांनी सुचवलं. बाकीच्यांचा आग्रह एकच होता, वाट पूर्वी होती तशी करा. (यांतले बहुतेक सभासद गेल्या वर्षीच आले आहेत. पूर्वीची आठवण नव्या माणसाला जास्त येते.)

या मतांतून दोन पक्ष तयार झाले. गुळगुळीत पक्षाचं नेतृत्व दातांचे डॉक्टर करतात. खड्डा दिसला की तो भरल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. खडबडीत पक्षाचे पुढारी गाद्यांचे व्यापारी आहेत. दिवसभर मऊ वस्तूंत वावरल्यामुळे माणसाला दगडांची किंमत कळते, असं ते म्हणतात. शनिवारी डॉक्टरांची माणसं घमेली घेऊन येत आणि वाट सपाट करत. रविवारी गादीवाल्यांची माणसं कुदळी घेऊन येत आणि ती पूर्ववत करत. दोन्ही कामं देखभालीतच मोडत असल्यामुळे जिल्ह्यात सर्वाधिक देखभाल झालेली वाट म्हणून आमचं नाव झालं. तिसऱ्या वळणावरचा एक दगड तर इतक्या वेळा सेवेतून मुक्त झाला आणि पुन्हा रुजू झाला, की त्याला निवृत्तिवेतन द्यावं अशी सूचना पुढे आली. पावसाचं पाणी वाहून न्यायला वाटेच्या कडेने चर खणायचे असतात, ते मात्र कुणी खणले नाहीत. चराला पृष्ठभाग नसतो, त्यामुळे त्यावर मत बनत नाही.

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, सलून चालवतो. आयुष्यभर खुर्चीभोवती उभं राहून त्याचा डावा गुडघा कामातून गेला आहे. शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती आणि त्यानंतर डोंगरावर सायकल कायमची बंद, असं त्याला हाडांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. त्याआधी त्याला एकच गोष्ट करायची होती. टाकीपासून फाटकापर्यंत एकदाही पाय न टेकता खाली यायचं होतं. इतक्या वर्षांत हे त्याला जमलं नव्हतं. तिसऱ्या वळणावरचा दगड कसा चुकवायचा, हे तो मन लावून शिके आणि पुढच्या आठवड्यात तिथे दगड नसे. दगड नाही असं धरून तो जाई, तेव्हा दगड असे.

एकदा जेवायला आला असता तो पानावरून मान वर न करता म्हणाला, "भावजी, दोनच आठवडे वाट जशी आहे तशी राहू द्या. चांगली नको, वाईट नको. नुसती आहे तशी."

आहे तशी, हा पर्याय समितीपुढे नाही, हे मी त्याला समजावून सांगितलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि भाताचं पातेलं उचलून आत नेलं. मला खरोखर वाईट वाटलं. म्हणून मी मेहुण्याला विषयपत्रिकेवर घेतलं.

सभा हृद्य झाली. एक सभासद वाटेला अखेरचा निरोप देणार आणि आपण तिला आहे तशी ठेवणार, ही कल्पनाच कुणाला सहन होईना. वाट आदर्श स्थितीत आणून ती मेहुण्याला अर्पण करावी, असा ठराव एकमताने झाला. आदर्श म्हणजे काय, यावर थोडी हमरीतुमरी झाली, पण प्रसंगाचं गांभीर्य ओळखून दोन्ही पक्ष नमले. वरचा अर्धा भाग डॉक्टरांनी करायचा, खालचा अर्धा गादीवाल्यांनी. काम पुरं होईपर्यंत वाट बंद ठेवण्यात आली. टाकीजवळ दोरी बांधली आणि सरावासाठी आलेल्या मेहुण्याला, ही सगळी धडपड तुमच्यासाठीच चालली आहे, असं सांगून आदराने परत पाठवण्यात आलं.

शस्त्रक्रियेच्या आधीचा रविवार उजाडला. वरचा भाग पाहून कुणालाही तिथे अंथरूण घालून झोपावंसं वाटलं असतं. खालच्या भागातला एकेक दगड गादीवाल्यांनी स्वतः निवडून बसवला होता. फक्त मध्यावर, जिथे एक भाग संपून दुसरा सुरू होतो, तिथे हातभर उंचीची पायरी तयार झाली होती. वरच्यांनी भर घातली होती आणि खालच्यांनी खणलं होतं, तेव्हा दुसरं काही होणं शक्य नव्हतं. ती पायरी दोघांनीही पाहिली होती. दुसऱ्याच्या कामातला दोष अशा मंगल प्रसंगी काढू नये, म्हणून दोघेही मोठ्या मनाने गप्प बसले होते.

मी निःपक्षपाती असल्यामुळे बरोबर मध्यावर उभा होतो. मेहुणा तिसरं वळण घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला. तो हसत नव्हता, पण हसू अगदी ओठांपर्यंत आलं होतं. मग पुढचं चाक पायरीवरून खाली गेलं. त्याने ब्रेक दाबला, सायकल कशीबशी सावरली. तो पडला नाही. फक्त डावा पाय खाली आला.

"टेकला," तो म्हणाला.

बरंच खाली आलास, इथवर तर कधी आला नव्हतास, असं काहीबाही मी बोललो.

"टेकला ना, भावजी," तो हळूच म्हणाला.

तेवढ्यात दोन्ही पक्ष धावत आले आणि मूळ मुद्द्याला हात घातला गेला. पाय नेमका कुणाच्या भागात टेकला? डॉक्टरांच्या मते तो निःसंशय खालच्या भागात होता. टाच वरच्या भागाला चिकटलेली आहे, हे गादीवाल्यांनी खाली बसून दाखवलं. बुटाचा किती भाग कुठे येतो, हे मोजल्याशिवाय निकाल लागणार नव्हता आणि मोजपट्टी टाकीजवळ राहिली होती. ती येईपर्यंत पाय हलवू नका, अशी मेहुण्याला विनंती करण्यात आली. त्याने ती मानली. (न्हाव्याला उभं राहण्याची सवय असते.) मोजपट्टी आली, पण कुठून मोजायचं यावर मतभेद झाले. तेव्हा त्याने पाय उचलला, सायकल हातात धरली आणि उरलेली वाट तो चालत उतरला. बायको फाटकाशी उभी होती. तिने भावाच्या हातातून सायकल घेतली आणि ती त्याच्या बाजूने चालू लागली.

शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली. आता दातांचे डॉक्टर आणि गादीवाले आलटून पालटून सलूनमध्ये जातात. गळ्याभोवती कापड बांधून घेऊन ते पायाचा प्रश्न मेहुण्याला बारकाईने समजावून देतात. "मान खाली," एवढंच तो म्हणतो. या उत्तराचा अर्थ काय घ्यायचा, हे ठरवायला एक उपसमिती नेमली आहे.

दरम्यान समितीचं सभासदत्व सर्वांना खुलं करण्यात आलं आहे. सायकल असण्याची अट नाही, टेकडी पाहिलेली असण्याचीही नाही. त्यामुळे वाचकहो, वेगळा अर्ज करण्याच्या भानगडीत पडू नका. तो पाय टेकला तेव्हा चूक वरच्यांची की खालच्यांची, हे आपण मनातल्या मनात ठरवून मोकळे झालात. त्याचा गुडघा आता कसा आहे, हे विचारायचं मात्र आपल्याकडूनही राहून गेलं. समितीत आपलं स्वागत आहे.