भंडाऱ्याचं ताट

सातारच्या माणसाला इतिहास शिकवावा लागत नाही आणि कचेरी कशी सजवायची हेही सांगावं लागत नाही, असं सयाजीराव भोइट्यांचं ठाम मत होतं. आता शाळेत इतिहासात त्यांना पस्तीस मार्क पडले होते आणि सजवण्याचा अनुभव म्हणाल तर धाकट्या मेव्हणीच्या लग्नात बांधलेल्या पताका, त्याही वरातीआधीच सुटल्या होत्या. पण मत ठाम असलं की माणसाचं बाकी फारसं अडत नाही.

साल त्र्याहत्तरचं. दुष्काळानं मुलूख भाजून निघाला होता. सयाजीराव जतच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या एका गावात टंचाई कचेरीचे साहेब होते. बायकोमुलं साताऱ्याला, आणि जीवही तिकडेच. कचेरीचं काम एकच, वाड्यावस्त्यांना टँकरनं पाणी पोचवायचं. टँकर दोन होते. त्यातल्या एकाचा गिअरबॉक्स दुरुस्तीला सांगलीला गेला होता आणि माहेरी आल्यासारखा तिकडेच रमला होता. म्हणजे हिशेबाला दोन आणि चालायला एक.

अशात पत्र आलं. शनिवारी पुण्याहून मोठे साहेब पाहणीला येणार. कचेरी नीटनेटकी असावी, शक्य तर तिच्यात स्थानिक संस्कृतीचं दर्शन घडावं. सयाजीरावांनी पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्यांना त्यात साताऱ्याची बदलीच दिसली.

हेडक्लार्क जिनपाल चौगुले सांगलीकडचे, मोजकं बोलणारे. त्यांनी सुचवलं की खुर्च्यांचे मोडके पाय तेवढे बदलून घेऊ. सयाजीरावांनी खुर्च्याच हलवल्या. पूर्वीच्या सदरेवर खुर्च्या होत्या का? मग! खाली गादी घातली, लोड टाकले, फायली लाल रुमालात बांधल्या. चौगुल्यांचे गुडघे आधीच कुरकुरणारे, त्यांना उठताना दर वेळी तिजोरीचा कान धरावा लागे. भिंतीवर दोन भाले आडवेतिडवे लागले. त्यातला एक पाटलांच्या घरचा अस्सल, दुसरा बांबूला पत्र्याचं टोक लावलेला. ढाली म्हणजे काळा रंग दिलेल्या दोन पराती. येणाऱ्याजाणाऱ्याच्या बाकावर धनगरी घोंगडी अंथरली.

चुना कालवायला पाणी लागलं. गेरूला लागलं. आवारातली धूळ मोठ्या साहेबांच्या बुटांवर बसू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ सडा घालायचा ठरला, त्याला तर लागलंच लागलं. म्हणून चालणारा टँकर शनिवारपर्यंत कचेरीच्या मागं उभा करून ठेवला. चौगुल्यांनी नुसती भुवई वर केली. सयाजीरावांनी ती पाहिली नाही, कारण त्यांना त्याच वेळी सगळ्यात नामी कल्पना सुचली होती.

पूर्वी शब्द द्यायचा तो बेल-भंडारा उचलून, हे पस्तीस मार्कांतलं त्यांना नेमकं आठवलं. त्यांनी एक पितळी ताट घासूनपुसून आणवलं, त्यात भंडाऱ्याची पिवळीधमक रास घातली, वर बेलाची पानं ठेवली आणि ताट गादीपुढच्या आपल्या बैठ्या मेजावर उजव्या हाताशी मांडलं. मागं उभं राहून पाहिलं. शोभत होतं.

बुधवारी बनुबाई आली. माळावरच्या मेंढपाळांच्या वस्तीतली ही म्हातारी आठवड्यातून तीनदा यायची आणि दारातूनच कचेरी डोक्यावर घ्यायची. टँकर कवा, हा तिचा प्रश्न आणि ‘उद्या’ हे सयाजीरावांचं उत्तर. हा ‘उद्या’ कुठल्या कॅलेंडरात नसतो, हे तिलाही ठाऊक होतं. त्यामुळे ती मनसोक्त भांडून घरी जायची आणि वस्तीतलं पाणी जपून वापरायची.

आज मात्र तिनं दारातच चपला काढल्या. घोंगडीला हात लावून कपाळाला लावला. मेजावरचं ताट दिसताच डोईवरचा पदर सारखा केला आणि चूप उभी राहिली. सयाजीरावांना आनंदाचं भरतं आलं. सजावट म्हणतात ती हिला! त्यांनी चिमूटभर भंडारा उचलला, आधी बनुबाईच्या कपाळाला लावला, मग स्वतःच्या. ताटावर हात ठेवून म्हणाले, “आजी, उद्या टँकर तुमच्या वस्तीवर. शब्द दिला.”

बनुबाई ताटाच्या पाया पडली आणि निघून गेली.

“साहेब,” चौगुले म्हणाले, “ते ताट हलकं नव्हे. ही माणसं भंडारा उचलून बोललेलं मोडत नसतात.”

सयाजीरावांनी त्यांना समजावलं की आपण तरी कुठं मोडतोय, उद्या नाही तर सोमवारी जाईल. चौगुल्यांनी तिजोरीचा कान धरला आणि ते उठून बाहेर गेले.

बातमी माळावर वाऱ्यासारखी फिरली. गुरुवारी आठ वस्त्यांची माणसं आली. कुणी भांडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. रांगेत आली, पायताणं काढली, कपाळं पुढं केली. सयाजीराव लावत गेले. दुपारपर्यंत ताट दोनदा भरावं लागलं. संध्याकाळी त्यांचा हात मनगटापर्यंत पिवळा झाला होता आणि नऊ वस्त्यांना एकच टँकर ‘उद्या’ कबूल झाला होता. शुक्रवारी तर कचेरीत चिटपाखरू फिरकलं नाही. सयाजीरावांनी साताऱ्याला बायकोला पत्र लिहिलं, की लोक इतके समाधानी आहेत की तक्रारच उरलेली नाही.

शनिवारी अकराला मोठे साहेब जीपमधून उतरले. आवारात नुकताच सडा पडला होता, मातीचा वास सुटला होता. साहेबांनी बूट पाहिले, लखलखीत. आत आले, भाल्यांसमोर थांबले आणि नेमका बांबूचा भाला निरखून म्हणाले, “फारच जुना दिसतो.” सयाजीरावांनी विनयानं मान खाली घातली. गादीवर बसल्या-बसल्या त्यांना साताऱ्याच्या एस्टीचा हॉर्न ऐकू येऊ लागला.

तेवढ्यात फाटकाशी माणसं दिसली. वीस-पंचवीस असतील. पुढं बनुबाई, तिच्या हातात फडक्यानं झाकलेला तांब्या. फाटकाच्या आत पाऊल टाकताच ती थांबली. तिनं ओल्या जमिनीकडं बघितलं, लुगड्याचा काठ चिखलात भिजू नये म्हणून थोडा वर धरला आणि आली. मोठे साहेब खूश होऊन कॅमेरा काढू लागले.

“सायब,” ती सयाजीरावांना म्हणाली, “हात म्होरं करा.”

सयाजीरावांना वाटलं, सत्कार आहे. त्यांनी कौतुकानं हात पुढं केले.

“तुमचा टँकर काय आला न्हाई,” बनुबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तीच तर पंचाईत होती. “आमचं काय, आमी सोसू. पर भंडारा उचलून बोललेलं मोडलं, तर त्ये बोलनाऱ्याच्या लेकरांवर जातं. तुमची लेकरं साताऱ्याला हायत म्हनं. शबुद ज्याला दिला त्यानंच बोलनाऱ्याचं हात धुतलं, की सुटतं.”

तिनं तांब्यावरचं फडकं काढलं. तांब्या अर्धाच होता. पाणी गढूळ होतं, तळाला गाळ दिसत होता.

“हे पाणी कुठलं, आजी?” सयाजीरावांनी विचारलं.

“घरटी एकेक वंजळ गोळा केली. हंड्यांच्या तळाचं हाय. वरचं बुधवारीच मेंढरांस्नी पाजलं. सायबानं भंडारा उचललाय, उद्या टँकर येतोयच, मग मुकी जनावरं कशाला तानलेली ठेवायची?”

ती धार धरू लागली. सयाजीरावांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. हात मागं घ्यावेत तर ते पाणी जमिनीवर सांडणार, पुढं ठेवावेत तर हातांवर पडणार, आणि दोन्हीकडून ते वायाच जाणार होतं. हळदीचा रंग तर काही केल्या निघत नव्हता.

“शपथ सुटली म्हना,” बनुबाई म्हणाली.

सयाजीराव दोन्ही तळहात एकमेकांवर घासत राहिले.

“वा, काय सुंदर प्रथा!” मोठे साहेब पुढं झाले आणि त्यांनीही हात पसरले. बनुबाईनं तांब्या आवरता घेतला, त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि चौगुल्यांना विचारलं, “ह्या सायबानं कंची शपथ मोडली?”

“त्यांनी अजून घेतली नाही, आजी,” चौगुले म्हणाले. तिजोरीचा कान न धरता ते त्या दिवशी पहिल्यांदाच उठले होते.

मोठे साहेब मनापासून हसले. सयाजीराव मात्र बनुबाईकडं बघत होते.

“आजी, सुटली नाही,” ते म्हणाले. “टँकर कुठं गेलाच नव्हता. कचेरीच्या मागं उभा आहे. बुधवारी भरलेला होता. आता अर्धा आहे.” बाकीचं अर्धं कुठं गेलं हे त्यांना सांगवेना. त्यांची नजर आवाराकडं गेली, आणि त्यांच्यामागोमाग सगळ्यांची.

“व्हय,” बनुबाई म्हणाली. “पाय गार लागलं, तवाच कळलं.”

सयाजीरावांनी मोठ्या साहेबांना लोडाशी तसंच बसवलं, चौगुल्यांच्या हवाली केलं आणि मागं जाऊन ड्रायव्हर गुंडाला गाडी काढायला सांगितली. स्वतः शेजारी बसले. उरलेलं पाणी बनुबाईच्या वस्तीवर ओतून टँकर पुन्हा भरायला गेला. नऊ वस्त्या फिरेपर्यंत सोमवार दुपार झाली. त्या तीन दिवसांत सयाजीरावांनी नळी धरली, हंडे उचलले आणि प्रत्येक वस्तीवर आपण काय केलं ते आपल्या तोंडानं सांगितलं. एका वस्तीवर एक म्हातारा त्यांची समजूत घालायला लागला, ते त्यांना सगळ्यात जड गेलं. शेवटची खेप पुन्हा बनुबाईच्या वस्तीवर झाली. तिनं हंडा भरून घेतला, डोक्यावर घेतला आणि म्हणाली, “आता तरी सुटली म्हना, लेकरा.”

“सुटली,” सयाजीराव म्हणाले, शाळेतल्या पोरासारखे.

ताट त्यांनी तिथंच बिरोबाच्या देवळात दिलं. टँकर कधी, असं कुणी विचारलं तर त्या दिवसापासून ते वार सांगत, नाहीतर सरळ ‘माहीत नाही’ म्हणत. लोक पूर्वीसारखे दारातूनच भांडू लागले, आणि सयाजीरावांना ते बरं वाटे.

सोमवारी कचेरीत परतल्यावर चौगुल्यांनी शेरेबुक पुढं केलं. मोठ्या साहेबांनी पानभर लिहिलं होतं. सजावट अप्रतिम. भाला ऐतिहासिक. लोकांशी जिव्हाळ्याचे संबंध. असा अधिकारी याच भागात हवा असल्यानं निदान तीन वर्षं त्याच्या बदलीचा विचार होऊ नये. सयाजीरावांनी ते सगळं निमूटपणे वाचलं. पण अगदी खाली, लाल शाईनं अधोरेखित केलेली एक ओळ होती. ती वाचून त्यांनी वही मिटली आणि अजून पिवळे असलेले आपले दोन्ही हात गादीखाली लपवले.

‘आवारात धूळ अजिबात नाही.’